परत आलेले शिसे

त्या दुपारी गळाला मासा लागला नाही, शिसे लागले. किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या मैलावर, ३० फूट पाण्याखाली एक कातळ आहे. त्याच्या कडेवरून माझी कयाक, म्हणजे चिंचोळी छोटी होडी, वाहू द्यायची, पुढे गेली की वल्हवत मागे आणायची आणि पुन्हा वाहू द्यायची, असे माझे दोन तास चालले होते. ओहोटी सरत आली होती, पाण्याची ओढ संपल्यात जमा होती आणि अशा वेळी मासे तोंड मिटून बसतात हे पक्के ठाऊक असूनही मला निघावेसे वाटत नव्हते. शेवटचा गळ गुंडाळताना दोरी जड लागली. तिला झटका नव्हता की थरथर नव्हती, नुसते वजन होते. वर आला तो जुन्या तंगुसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीचा, हिरवट गुंता आणि त्याच्या टोकाला लिंबाएवढा एक खडबडीत गोळा. त्यावर बार्नॅकलचे, म्हणजे कातळाला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या जिवांचे, पांढरे सुळके दाटीवाटीने बसलेले, एका अंगाला नखाएवढे दोन काळे शिंपले चिकटलेले. शिंपल्यांच्या फटीतून मुगाच्या दाण्याएवढा खेकडा माझ्या अंगठ्यावर उतरला, क्षणभर थबकला आणि कयाकच्या काठावरून पाण्यात गेला.

चाकूच्या टोकाने एक सुळका उचकटला तेव्हा खाली करडे शिसे दिसले, आणि शिशावर दोन आडव्या रेघा. त्या माझ्याच होत्या.

गळ तळाशी जावा म्हणून दोरीला शिशाचे वजन बांधतात. माझ्या प्रत्येक वजनावर मी अशा दोन रेघा ओढतो. यामागे काही शहाणपण असेल असे समजू नये. वजन पाण्यात टाकायचे ते केव्हातरी हरवणारच, हे माहीत असताना त्यावर खूण करणे म्हणजे वाऱ्यावर नाव लिहिण्यातलाच प्रकार आहे. परंतु आदल्या रात्री डबा भरताना चाकूने मऊ शिशावर रेघ उमटते तो क्षण मला आवडतो आणि मासेमारीची सुरुवात माझ्यापुरती तिथेच होते. आजवर अशा किती रेघा तळाशी गेल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही. कातळावर गळ टाकणाऱ्या कोणीच तो ठेवू नये. मासे त्या कातळापाशी राहतात म्हणून आपण तिथे जातो, आणि कातळ प्रत्येक फेरीला काहीतरी ठेवून घेतो. म्हणून जाणकार लोक शिसे मुख्य दोरीपेक्षा बारीक, कमकुवत दोरीच्या तुकड्याने बांधतात, म्हणजे ते फटीत अडकले की तेवढाच तुकडा तुटतो आणि गळ, आमिष आणि नशिबाने मासाही परत मिळतो. हा सौदा आधीच ठरलेला असल्यामुळे शिसे गेल्याचे वाईट वाटत नाही. ते परत आले तर काय करायचे, हे मात्र सौद्यात कुठेच ठरलेले नव्हते.

ज्याने वाळूच्या तळावर तासन्‌तास गळ सोडून पाहिला आहे, त्याला कातळाची ओढ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. वाळू सतत सरकते. तिला धरून कोणाला राहता येत नाही. तळाला कुठेतरी एक घट्ट जागा असली की सगळा संसार तिथे लोटतो. पाण्यात तरंगणारी, डोळ्यांना न दिसणारी पिले त्यावर येऊन चिकटतात, शेवाळ धरते, शिंपले येतात, त्यांच्या फटींत खेकडे आणि कोळंबी, त्यांच्यामागे बोटाएवढे मासे, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून कपारीच्या तोंडाशी गोबरा किंवा तांबोशी यांसारखा मोठा मासा. शिवाय वाहते पाणी कातळावर आदळले की वर उचलले जाते आणि मागच्या अंगाला निवाऱ्याची शांत जागा तयार होते. तिथे माशाला फारसे पोहावे लागत नाही. ओढीकडे तोंड करून उभे राहिले की खाणे समोरून चालत येते. भरतीची ओहोटी झाली की समोरचे अंग मागचे होते आणि मासेही बाजू बदलतात. सकाळी ज्या कडेला तीन मासे मिळाले, तिथे दुपारी काही न मिळण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. नशिबाला दोष देत आपण बसलेलो असतो आणि मासे दहा हातांवर, कातळाच्या पलीकडे.

हे सगळे चालते ते न दिसणाऱ्या जागी. माझ्या गुडघ्यांपुढे एक लहानसा पडदा आहे, त्याला फिश फायंडर म्हणतात. पुष्कळ दिवस मी त्याला खिडकी समजत होतो. खालच्या पाण्याचे चित्र त्यात दिसते, उजवीकडे उजवीकडचे आणि डावीकडे डावीकडचे, अशी माझी भाबडी समजूत होती. खरी गोष्ट अशी की, यंत्र खाली आवाज सोडते, समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो, तळावर किंवा माशावर आपटून परत येतो, आणि येण्याला किती वेळ लागला यावरून यंत्र पडद्याच्या उजव्या काठावर एक बारीक उभी रेघ काढते. मग ती रेघ डावीकडे सरकते आणि तिच्या जागी दुसरी येते. म्हणजे या घटकेचे असे जे काही आहे, ते काठावरच्या त्या एका रेघेत. उरलेला सारा पडदा होऊन गेलेल्या गोष्टींचा. पडद्याच्या मधोमध दिसणारा कातळाचा सुंदर उंचवटा आपल्या मागे पडलेला असतो. नवशिका त्याच्यावर गळ सोडतो आणि तो वाळूत पडतो. मी दोन मोसम तेच करत होतो.

यातली आणखी एक गंमत मला फार उशिरा उमगली. आवाजाचा झोत सुळक्यासारखा खाली पसरतो. २० अंशांचा असेल तर ३० फुटांवर त्याचे वर्तुळ जेमतेम १० फूट व्यासाचे होते. कयाक पुढे जात असताना मासा त्या वर्तुळाच्या कडेला आला की जरा लांब असतो, मध्ये आला की जवळ आणि पलीकडे गेला की पुन्हा लांब, म्हणून पडद्यावर त्याची कमान उमटते. परंतु कयाकही थांबलेली आणि तिच्या खाली मासाही थांबलेला, असे झाले तर पडद्यावर एक लांबच लांब सरळ रेघ उमटत जाते. मी तिला कित्येक दिवस यंत्रातला बिघाड समजत होतो. पाच मिनिटे पडद्यावर रेघ आहे, म्हणजे पाच मिनिटे कोणीतरी माझ्या बरोबर खाली, माझ्यासारखेच काही न करता उभे आहे, हे कळल्यावर मी त्या दिवशी गळ टाकायचाच विसरलो. जिवंत प्राण्याच्या इतक्या जवळ इतका वेळ गप्प बसण्याचा प्रसंग माणसाला फारसा येत नाही.

न दिसणाऱ्या तळाशी माझी पहिली गाठ पडली ती विहिरीत. मी आठ वर्षांचा असेन. बादलीला गाठ मीच मारणार असा हट्ट धरला, गाठ मारली, आणि बादली पाण्याला टेकताच दोरी हलकी झाली. हलकी झालेली दोरी हातात कशी लागते हे तेव्हा जे कळले, ते अजून कातळावर दर फेरीला नव्याने कळते. शेजारचे काका लोखंडी गळ घेऊन आले, चार आकड्यांचा, आपल्या बोटांसारखे बाक असलेला. त्यांनी तो विहिरीत सोडला आणि पाण्यात पाहण्याऐवजी मान वर करून आभाळाकडे पाहत राहिले. दोरी उचलायची, दोन बोटे सरकवायची, पुन्हा टेकवायची. “हा चिखल,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, “हा दगड.” मी काठावरून वाकून पाहत होतो आणि मला पाण्यात माझे तोंड सोडून काही दिसत नव्हते. शेवटी आकडा कशाला तरी अडकला, काकांनी दोरी ओढली आणि वर आली ती भलतीच बादली, तळाला भोक पडलेली, शेवाळाने भरलेली, आतून एक बेडूक उडी मारून गेला.

“ही आपली नव्हे,” आजी म्हणाली.

“विहिरीतून निघाली म्हणजे तुमचीच,” काका म्हणाले आणि पुन्हा गळ सोडला.

माझी बादली त्या दिवशी मिळाली नाही, पुढेही नाही. ती तिथेच असेल आणि तिच्यातही एव्हाना बेडूक राहत असेल, असे मी बरीच वर्षे मनाशी धरून होतो आणि त्यामुळे हरवल्याचा अपराध थोडा कमी वाटत असे.

मोठी माणसे हीच समजूत मोठ्या प्रमाणावर घालून घेतात. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे निवृत्त डबे २००१ सालापासून डेलावेअरच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात सोडले गेले. सातशेहून अधिक डबे तिथल्या वाळूवर उतरले आणि जिथे घट्ट असे काही नव्हते तिथे शिंपले धरले, मासे आले. २००६ साली ओरिस्कनी नावाचे अख्खे विमानवाहू जहाज फ्लोरिडाच्या पेन्साकोलाजवळ मुद्दाम बुडवण्यात आले. त्याच फ्लोरिडात, फोर्ट लॉडरडेलपाशी, १९७२ साली सुमारे वीस लाख जुने टायर प्रवाळाला घर म्हणून टाकले गेले. टायरांच्या मोळ्या बांधणारे पट्टे तुटले, वादळांत टायर सुटे होऊन फिरू लागले आणि शेजारच्या खऱ्या प्रवाळावर घासून त्याचेच नुकसान करू लागले. घर व्हायचे तर आधी स्वतः जागेवर राहता आले पाहिजे, एवढी साधी अट त्यांना पाळता आली नाही. मला मात्र डब्यांचे अधिक कुतूहल आहे. ज्या दारांतून माणसे रेटारेटी करत आत शिरत होती, त्याच दारांतून मासे आतबाहेर करत असतील, आणि त्यांना उतरायची घाई नसेल.

कयाकचा उल्लेख वर नुसताच येऊन गेला, म्हणून दोन शब्द. मोठ्या होडीतून कातळावर मासे धरणे आणि कयाकमधून धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा शब्द आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांचा. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून त्यांनी ती शिकारीसाठीच घडवली. आजची प्लॅस्टिकची कयाक तिच्याइतकी सुबक नाही, परंतु बसल्या बसल्या हात पाण्याला लागतो, एवढे तिने राखले आहे. गोबऱ्याने आमिष घेतले की तो पहिल्या दोन-तीन सेकंदांत कपारीकडे धावतो आणि तेवढ्या वेळात त्याचे तोंड फिरवता आले नाही तर दोरी कातळाला घासून संपते. मोठ्या होडीत पाय रोवून ओढता येते. कयाकला रोवायला काही नसते. तुम्ही माशाला ओढता आणि स्वतःच माशाकडे जाता. नांगर टाकायचा तोही नाकाशी किंवा शेपटाशीच बांधून. ओढ असताना बाजूला बांधला तर कयाक क्षणात आडवी होऊन उलटते. आणि कातळ उथळ असेल तर पाणी कितीही निवांत दिसो, पाठ फिरवून बसू नये. दहा मिनिटे गप्प असलेल्या जागी अचानक लाटांची मोठी रांग उठते आणि नेमकी त्या कातळावर फुटते. अंगात लाइफ जॅकेट असतेच; ते काढून ठेवणाऱ्याबरोबर मी जात नाही.

एक गोष्ट सांगावी की नाही, अशा विचारात होतो. फिश फायंडरला मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. आवाज मांसापेक्षा त्या हवेवरून फार जोरात परततो. पाण्यात १० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तिथून मासा घाईने वर आणला की ती हवा फुगून दुप्पट होऊ पाहते. गोबरा, तांबोशी यांना ती चटकन बाहेर सोडता येत नाही. लहान म्हणून परत सोडलेला मासा मग पोट वर करून पाण्यावर तरंगत राहतो आणि खाली जाता येत नाही म्हणून शेपटी मारत राहतो. ज्या हवेने तो मला दिसला, तीच त्याला घरी जाऊ देत नाही. वजन लावून अशा माशाला परत खोलवर नेऊन सोडण्याची साधने मिळतात आणि मी ते साधन बाळगतो. त्याच्या वजनावरही दोन रेघा आहेत.

तर ते शिसे. सरळ पाण्यात परत टाकायचे, हे मला त्या दुपारी सुचले नाही. माझी वस्तू होती, माझी खूण होती, इतक्या वर्षांत हरवलेले असे पहिल्यांदाच काही परत मिळाले होते, आणि काकांनी विहिरीच्या काठावर दिलेला निवाडाही माझ्याच बाजूचा होता. मी ते घरी आणून खिडकीत ठेवले. डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे बार्नॅकलचा अभ्यास करण्यात घालवली, हे आठवून मी भिंग काढले. एकेका सुळक्याच्या तोंडाशी झाकणाच्या चिमुकल्या पाकळ्या घट्ट मिटलेल्या होत्या. पिलू एकदा डोक्याने चिकटले की जन्मभर तिथेच राहते आणि पायांनी पाणी ढवळून खाणे आत ओढते. पाणी गेले की पाकळ्या मिटून आतला ओलावा धरून ठेवते आणि पाणी परत येण्याची वाट पाहते. दुसऱ्या दिवशीही त्या मिटलेल्याच होत्या. शिंपल्यांपैकी एकाने तोंड किंचित उघडले होते, मी बोट लावल्यावर ते मिटले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीत वास सुटला होता. भिंग घेतले, तेव्हा सगळ्या पाकळ्या उघड्या होत्या.