सुपरनोव्हांच्या डेटावर डार्क एनर्जी तपासताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टला डार्क एनर्जी, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेगाने वाढवणारी अज्ञात ऊर्जा, हा विषय घेतला, तेव्हा सरांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "आधी पॅन्थिऑन प्लस उघड. मॉडेलचं नंतर बघू."

पॅन्थिऑन प्लस म्हणजे १५५० टाइप वन-ए सुपरनोव्हांचे (जवळपास सारख्याच तेजाने फुटणाऱ्या, म्हणून अंतर मोजायला उपयोगी ताऱ्यांचे) १७०१ लाइट कर्व्ह, म्हणजे तेज दिवसागणिक कसं बदललं याचे आलेख. २०२२ चा संच, सगळ्यांना खुला. मुख्य तक्ता तासाभरात कळतो. घाम काढते ती कोव्हेरिअन्सची, म्हणजे मोजमापांच्या चुका एकमेकींशी किती जोडलेल्या आहेत हे सांगणारी फाइल. पहिल्या ओळीत १७०१, आणि खाली एकाखाली एक जवळपास २९ लाख आकडे. त्यांचा १७०१ बाय १७०१ चौकोन आपला आपणच रचायचा. नुसत्या एरर बारवर भागत नाही, कारण एका दुर्बिणीच्या कॅलिब्रेशनमध्ये फरक पडला, की तिने टिपलेले सगळेच सुपरनोव्हे एकदम सरकतात.

अगदी जवळचे सुपरनोव्हे गाळले. त्यांच्या दीर्घिकांचा स्वतःचा वेग विश्वाच्या प्रसरणात मिसळलेला असतो. हबल स्थिरांकाचा, म्हणजे विश्वाच्या आजच्या प्रसरणाच्या वेगाचा, नाद सोडला. तो आणि सुपरनोव्हाचं अंगभूत तेज एकमेकांत असे गुंतलेत, की या डेटावरून एकट्याने सुटत नाहीत.

मॉडेलचे आकडे थोडे थोडे बदलत डेटाशी जुळवून बघणारी चेन रात्री लावायची, सकाळी ती स्थिरावली का ते सांगणारा गेलमन-रुबिनचा आकडा बघायचा. पहिली कंटूर (डेटाशी जुळणाऱ्या उत्तरांची सीमारेषा) आली ती लांबलचक तिरकी पट्टी. पदार्थाचं प्रमाण वाढवा, डब्ल्यू (डार्क एनर्जीचा दाब आणि घनता यांचं गुणोत्तर) आणखी उणे करा, सुपरनोव्हांना फरकच पडत नाही! मूळ पेपरातलं उत्तरही उणे ०.९०, अधिक-उणे ०.१४. म्हणजे उणे १, आइन्स्टाइनचा स्थिरांक, म्हणजे कधीच न बदलणारी डार्क एनर्जी, आरामात आत बसतो. डेसी या दीर्घिकांच्या सर्वेक्षणाची बीएओ अंतरं (आरंभीच्या विश्वातल्या ध्वनिलहरींनी दीर्घिकांच्या मांडणीत सोडलेल्या खुणेवरून मोजलेली) जोडल्यावर मात्र पट्टी आखूड झाली. इथे खरी मजा आली.

मग डब्ल्यू काळानुसार बदलू दिला. मार्च २०२५ मध्ये डेसीने बीएओ, सीएमबी (महास्फोटानंतर उरलेलं प्रारण) आणि सुपरनोव्हे एकत्र घेतले, तेव्हा स्थिरांकापासूनचा फरक पॅन्थिऑन प्लससोबत २.८ सिग्मा (सिग्मा जितके जास्त, तितकी तो नुसता योगायोग असण्याची शक्यता कमी), युनियन ३ या दुसऱ्या संचासोबत ३.८ आणि डीईएस सर्वेक्षणाच्या पाच वर्षांच्या डेटासोबत ४.२ निघाला. बाकी सगळं तेच, फक्त सुपरनोव्हांचा संच वेगळा. बातम्यांमध्ये बहुतेकदा शेवटचाच आकडा झळकतो, हे मला खटकतं.

प्रबंधात मी तिन्ही कंटूर एकाच आकृतीत छापल्या. परीक्षक त्याच पानावर रेंगाळले. "कमी रेडशिफ्टचे सगळे वगळून चालवलंस का?" म्हणजे तुलनेने जवळचे सगळे. त्या चेन आता चालू आहेत.