जपानी नौदलाचे साके-पेले जमवताना : माझा अनुभव

क्योतोच्या तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या 21 तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. किमोनो, लोखंडी किटल्या, फुटक्या बाहुल्या अशा पसाऱ्यात एखाद्या खोक्यात साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, पिण्याचे चिनी मातीचे उथळ, बशीवजा पेले एकात एक रचून ठेवलेले दिसतात. पाच टोकांचा तारा असला तर तो लष्कराचा. नांगर आणि साकुराचं, म्हणजे चेरीचं, फूल असलं तर नौदलाचा. लष्कराचे भरपूर मिळतात, नौदलाचे शोधावे लागतात, आणि मी तेच जमवतो.

हे पेले सरकार देत नसे. नोकरीची मुदत संपवून गावी परतलेला जवान किंवा त्याच्या घरचे पदरचे पैसे घालून ते बनवून घेत, आणि जाताना ज्यांनी निरोपाची भेट दिली होती त्या नातेवाइकांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत. 1927 च्या कायद्याने सक्तीच्या भरतीत लष्करात दोन वर्षं काढावी लागत, तर नौदलात तीन. मुलगा धडधाकट परत आला, हे गावाला सांगायची ही रीत. नवी युद्धनौका पाण्यात सोडण्याच्या समारंभाचे पेलेही असतात आणि संग्राहक त्यांना चांगला भाव देतात, पण माझा जीव परतलेल्या माणसाच्या पेल्यातच अडकतो.

‘नागातो’ युद्धनौकेचा पेला हाती आला तेव्हा तो ओळखायलाच बराच वेळ गेला. आतल्या बाजूला सोनेरी नांगर, वर नौकेचं नाव, आणि मागे बुडाशी एक आडनाव. युद्धापूर्वीच्या आडव्या ओळी उजवीकडून डावीकडे लिहीत, त्यामुळे आजच्या सवयीने वाचलं की नाव उलटं लागतं. साल सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे असतं: शोवा असेल तर 1925 मिळवायचे, ताइशो असेल तर 1911. माझ्या पेल्यावर शोवा 4, म्हणजे 1929. मग हे साल नौकेच्या इतिहासाशी ताडून पाहिलं. नागातो 1919 मध्ये कुरेच्या गोदीत पाण्यात उतरली, 1920 मध्ये नौदलात दाखल झाली आणि योकोसुका तळाच्या नावे होती. सगळं जुळलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

नंतर भिंग. सोनं पेल्याच्या काचेसारख्या चकचकीत लेपावर कमी आचेत भाजलेलं असतं, म्हणून ते वापराने झिजतं. खऱ्या जुन्या पेल्यात काठावरचं सोनं जिथे ओठ लागले तिथे विरळ होतं, आणि आत मध्यभागी एक फिकट वर्तुळ दिसतं. वर ठेवलेल्या पेल्याच्या बुडाची कड वर्षानुवर्षं घासून ते उमटतं. ही खूण मला फार मोलाची वाटते, कारण ती नकली बनवणाऱ्याला सहसा सुचत नाही. चित्रात छापील ठिपके दिसले की पेला खाली ठेवावा. आत्मघातकी हल्ल्याच्या वैमानिकांचे म्हणून विकायला ठेवलेले पेले तर मी हातातही घेत नाही. त्यात नकली माल फार, आणि त्या मुलांच्या मरणावर असा धंदा व्हावा हे मला पटत नाही.

सोबत लाकडी पेटी असेल तर तीसुद्धा मागून घ्यावी. झाकणावर कधी कधी शाईने प्रसंग आणि साल लिहिलेलं असतं. विक्रेते पेटी वेगळी विकतात आणि पेल्याची अर्धी ओळख तिथेच हरवते. घरी आणल्यावर कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावा. घासणी आणि डिशवॉशर अजिबात नको.

बुडावरचं आडनाव मी कुठे लिहीत नाही, फोटोतही झाकतो. त्या घरातलं कुणी आजही असेल.

सध्या मी माइझुरू तळाच्या पेल्याच्या शोधात आहे. युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या वॉशिंग्टनच्या 1922 च्या नौदल करारानंतर, 1923 मध्ये माइझुरूचा दर्जा उतरवला गेला आणि 1939 मध्ये तो परत मिळाला. मधल्या काळातलं साल घालून कुणी ‘माइझुरू मुख्य तळा’चा पेला पुढे केला, तर आधी खात्री करा. मला हवाय तो 1923 च्या आधीचा, ताइशो काळातला, पेटीसकट.