तुम्ही विचारलंत म्हणून : जुनी डिझेल गाडी बदलावी का?

"अजून तीच गाडी?" हे मला गेली पाच-सहा वर्षं येताजाता विचारलं जायचं. मग त्याला दुसरा प्रश्न जोडून येऊ लागला : "आमचीही डिझेलच आहे, जुनी झाली, पण कधी दगा दिला नाही. बदलावी का?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी टाळलं, कारण ते उभ्याउभ्या देण्यासारखं नाही. आता माझी गाडी माझ्याकडे नाही. ती जाऊन चार महिने झाले. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून बसून लिहिते.

गाडी चौदा वर्षांची होती. रनिंग २ लाख ८६ हजार किलोमीटर. इंजिन एकदाही खोललेलं नाही. पहिली दहा वर्षं मी कामासाठी रोज जाऊन-येऊन ११० किलोमीटर चालवायचे, बहुतेक सगळा मोकळा रस्ता. पावसात, धुक्यात, पहाटेच्या अंधारात तिने मला कधी वाटेत उभं केलं नाही. त्यानंतर माझं काम घरापासून ३ किलोमीटरवर आलं, आणि शेवटची चार वर्षं गाडी तेवढंच जायची : सकाळी ३, संध्याकाळी ३.

डॅशबोर्डच्या कप्प्यात मी एक वही ठेवत असे. गाडीला हात लागला की तारीख, किलोमीटर आणि काय केलं ते लिहायचं, एवढाच नेम. गाडी काढायची की ठेवायची हे ठरवताना मी ती वही पहिल्या पानापासून वाचली. पहिल्या दहा वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, ब्रेक पॅड, टायर, दोनदा टायमिंग बेल्ट वॉटर पंपासकट, एकदा क्लच. शेवटच्या चार वर्षांची पानं मात्र गच्च भरलेली. बॅटरी. दोन ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप, काढून साफ केला. पार्टिक्युलेट फिल्टरचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा, दिवा लागला. ईजीआर परत साफ. दिवा परत लागला. आणि एक नोंद अशी, की ती लिहिताना माझा विश्वास बसत नव्हता : डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर, ऑइल वाढलंय.

ऑइल कमी झालं तर कळतं. इंजिन खातंय किंवा कुठेतरी गळतंय. न घालता वाढलं कसं? मी घाबरून गाडी घेऊन माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले आणि म्हटलं, आता हिचं वय झालं, काढून टाकते. त्यांनी वही मागून घेतली, मागची पानं चाळली आणि म्हणाले, "ताई, गाडी म्हातारी नाही झाली. तुमचे रस्ते आखूड झालेत."

त्या वाक्याचा अर्थ नीट कळायला मला बरंच वाचावं लागलं, अजून बरंच विचारावं लागलं. पण माझ्या लेखी तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगते.

रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये पहिल्यांदा नीट चाललं. त्यात इंधन पेटवायला ठिणगी नव्हती आणि आजही नाही. हवा साधारण पंधरा ते वीस पट दाबायची, दाबल्यामुळे ती इतकी तापते की त्यात सोडलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. एवढा दाब सोसायचा म्हणून ब्लॉक, पिस्टन, क्रँक सगळं दणकट करावं लागतं. त्यात हे इंजिन पेट्रोलच्या मानाने मिनिटाला कमी फेऱ्यांत काम करतं. म्हणून वेळेवर ऑइल मिळालेलं डिझेल इंजिन तीन लाख किलोमीटर सहज जातं, त्यात नवल करण्यासारखं काही नाही.

याच इंजिनाची दुसरी बाजू म्हणजे ते काटकसरी आहे. इंधनातली उष्णता ते पेट्रोल इंजिनापेक्षा जास्त कामाला लावतं, म्हणजेच कमी वाया घालवतं. पण इंजिन तापतं ते या वाया जाणाऱ्या उष्णतेवरच. त्यामुळे डिझेल गाडी सावकाश गरम होते. माझ्या ३ किलोमीटरच्या फेरीत तापमानाचा काटा जेमतेम हलायचा आणि मी गाडी बंद करायचे. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, काजळी जास्त होते. ती ईजीआरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये ऑइलच्या वाफेत मिसळून चिकटते. उरलेली सायलेन्सरच्या वाटेवरच्या पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये अडकते, आणि फिल्टर तिला जाळून स्वतःला मोकळं करतो. त्यासाठी आत साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि ते दहा-पंधरा मिनिटं टिकावं लागतं. ते गाठायला इंजिन सिलिंडरमध्ये उशिराने थोडं जास्तीचं डिझेल सोडतं. मधेच गाडी बंद केली की काजळी तशीच राहते. पुढच्या फेरीला पुन्हा जास्तीचं डिझेल, पुन्हा अर्धवट. आणि हे उशिरा सोडलेलं डिझेल थोडं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. माझ्या डिपस्टिकवर वाढलेलं ऑइल म्हणजे ते डिझेल होतं. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) राखू शकत नाही. दहा वर्षं ज्या इंजिनाला काही झालं नाही, त्याला मी रोज सहा किलोमीटर चालवून मारत होते. हे कळल्यावर मला खरोखर वाईट वाटलं.

तेव्हा तुम्ही विचारता की गाडी जुनी आहे, बदलू का, तर मी आधी उलट विचारणार : तुमची रोजची फेरी केवढी आहे? आठवड्यातून दोन-तीनदा तरी सलग अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर जात असाल आणि वही स्वच्छ असेल, तर निव्वळ वयासाठी गाडी काढू नका. फेरी चार-पाच किलोमीटरची असेल तर डिझेल गाडी तुमच्या कामाची नाही, मग ती नवी कोरी का असेना. जुनी देऊन नवी डिझेल घेतलीत आणि रस्ते तेवढेच आखूड राहिले, तर ही पानं तुमच्याही वहीत येतील.

पैशाच्या बाबतीत एक ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो : दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की काढा. मला तो पटत नाही. जुन्या गाडीची किंमत आधीच तळाला आलेली असते, त्यामुळे साधा क्लच बदलला तरी हा नियम तिला बाद ठरवतो. तुलना करायची तर वर्षभराच्या दुरुस्तीची करावी, आणि समोर नव्या गाडीचे वर्षाचे हप्ते, विमा आणि किंमत उतरण्याने होणारं नुकसान ठेवावं. नवी गाडी पहिल्या दोन-तीन वर्षांतच सगळ्यात जास्त उतरते. ॲव्हरेजचा मोहही आकडा मांडून तपासावा. १८ देणारी गाडी काढून २२ ची घेतली, तर १० हजार किलोमीटरला साधारण १०० लिटर वाचतात. वर्षाला शंभर लिटरसाठी नवी गाडी घेणं हा हिशोब कुठल्याच भावात बसत नाही. लिटरभर डिझेल जळून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वाचला तो २७० किलो. नवी गाडी घडवतानाच काही टन हवेत गेलेले असतात.

काही गोष्टींत मात्र वहीत काय लिहिलंय याला अर्थ उरत नाही. पत्र्यावरचा गंज दिसायला वाईट, पण चालतो. गाडीचा भार पेलणाऱ्या भागात, सस्पेन्शन जिथे धरलेलं असतं तिथे गंज शिरला असेल तर ती गाडी रस्त्यावर आणू नये. गरम इंजिनातून निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा येत राहिला आणि कूलंट घटतंय, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, तपासा. काळा धूर बरेचदा इंजेक्टर, टर्बोचा फाटलेला पाइप किंवा तुंबलेला एअर फिल्टर निघतो आणि दुरुस्त होतो. त्याला घाबरून गाडी काढू नका. टायमिंग बेल्टचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणाऱ्या पट्ट्याचं, काम मात्र किलोमीटरइतकंच वर्षांवरही बघावं. गाडी उभी असली तरी रबर जुनं होतं, आणि डिझेल इंजिनात बेल्ट तुटला की बहुतेक वेळा व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. एवढ्याने चांगलं इंजिन भंगार होतं.

सुरक्षिततेत मी एकाच गोष्टीवर अडून बसते. गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी यंत्रणा, जिला ईएससी किंवा ईएसपी म्हणतात, ती १९९५ पासून गाड्यांमध्ये येऊ लागली. तुमच्या गाडीत ती नसेल आणि तुम्ही वेगाच्या रस्त्यावर लेकरांना घेऊन जात असाल, तर इंजिन कितीही गुणी असलं तरी मी गाडी बदला म्हणेन. माझ्या गाडीत ती होती, म्हणून मी चौदा वर्षं निश्चिंत होते.

आणि धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. डिझेल गाडीवर माझं प्रेम आहे, तरी हे मला डोळ्यांआड करता येत नाही. फिल्टरचा दिवा वारंवार लागायला लागला तेव्हा एकाने मला सुचवलं, फिल्टर आतून पोकळ करून घ्या, कटकट मिटेल, पिकअपही वाढेल. मी नाही म्हटलं. तो फिल्टर इतरांच्या फुप्फुसांसाठी आहे. शाळा सुटायच्या वेळी मी त्याच रस्त्यावरून जायचे. ज्यांनी तो काढून टाकलाय त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की परत बसवा, आणि ते परवडत नसेल तर त्यांनी गाडी बदलावी.

मला दोन वाटा होत्या. दर आठवड्याला केवळ फिल्टर साफ व्हावा म्हणून तासभर फिरवून आणायची, जे मी काही महिने केलंही. पण कुठेही जायचं नसताना डिझेल जाळणं मनाला पटेना. दुसरी वाट म्हणजे ज्याचे रस्ते अजून लांब आहेत अशा माणसाच्या हातात ती द्यायची. माझ्या ओळखीच्या एक बाई रोज दुसऱ्या गावी नोकरीला जातात, एका बाजूचे ५० किलोमीटर. त्यांची जुनी गाडी चेसिसला गंज धरून बाद झाली होती. मी ऑइल बदललं, फिल्टर गॅरेजमध्ये नीट साफ करून घेतला, सगळे दोष सांगितले आणि वहीसकट गाडी त्यांना दिली. माझ्यासाठी वापरलेली छोटी विजेवरची गाडी घेतली. तिला गरम होण्याची वाट बघावी लागत नाही, सहा किलोमीटर तिला कसलेच जाचत नाहीत. तिचा आवाज नाही, त्याची सवय मला अजून व्हायची आहे.

किल्ली देताना मी त्यांना एकच सांगितलं होतं : दर रविवारी गाडी सपाट जागी थंड असताना डिपस्टिक बघा आणि आकडा वहीत लिहा. परवा त्यांनी पानाचा फोटो पाठवला. सोळा रविवार, सोळा नोंदी, ऑइल जिथल्या तिथे.