अमेरिकेतून फोन मागवताय? आधी त्याचं कुलूप बघा

भारतात जायची तिकिटं काढली की कुणा ना कुणाचा मेसेज येतोच: "दादा, येताना आयफोन आण ना. तिकडे फुकट मिळतो म्हणे!"

मिळतो, नाही असं नाही. पण तो 'फुकट' फोन २४ नाहीतर ३६ महिन्यांच्या हप्त्यांवर असतो. दर महिन्याच्या बिलात हप्ता लागतो आणि तेवढीच सूटही मिळते. मध्येच ती मोबाइल कंपनी सोडली तर सूट बंद आणि उरलेले पैसे एकदम भरा. हप्ते फिटेपर्यंत बहुतेक फोनला कुलूप असतं, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालत नाही. जिओ घाला नाहीतर एअरटेल, स्क्रीनवर येणार 'सिम नॉट सपोर्टेड'. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात "हो जायेगा भाई" म्हणणारा भेटेलही, पण आयफोनचं कुलूप आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख नंबरावर ॲपलच्या दप्तरी नोंदलेलं असतं. ते नीट काढायचं तर फोन विकणाऱ्या मोबाइल कंपनीनेच काढायला हवं.

यातली कायद्याची भानगड तर अजबच. १९९८ साली इथे अमेरिकेत डीएमसीए नावाचा कॉपीराइट कायदा आला. त्यात डिजिटल कुलूप तोडायला बंदी आहे, आणि सिनेमा-गाण्यांची चोरी रोखायला केलेल्या त्या कलमाच्या कचाट्यात फोनही सापडला! त्यातून सवलत कशाला द्यायची हे दर तीन वर्षांनी ठरवतं कोण, तर लायब्ररी ऑफ काँग्रेस या इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ग्रंथपाल. २००६ मध्ये त्याने फोनला सवलत दिली, २०१२ मध्ये काढून घेतली. २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेला फोन कंपनीला न विचारता अनलॉक करणं बेकायदा ठरलं. लोक भडकले. व्हाइट हाउसकडे केलेल्या अर्जावर १ लाख १४ हजारांहून जास्त सह्या पडल्या आणि १ ऑगस्ट २०१४ ला ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली.

मेख पुढेच आहे. तुम्ही कुलूप काढलंत तर गुन्हा नाही, एवढंच तो कायदा म्हणतो. कंपनीने ते काढून दिलंच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. शेजारच्या कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून फोन कुलपाशिवायच विकायचा, जुने मागताक्षणी फुकट उघडून द्यायचे, असा सरळ नियम केला. ब्रिटननेही २०२१ च्या डिसेंबरपासून कुलूपबंद फोन विकायला मनाई केली. अमेरिकेत मात्र पूर्ण पैसे मोजल्यावरही अर्ज करत बसायचं, हे मला तरी पटत नाही.

तेव्हा मागवायचाच असेल तर पूर्ण पैसे देऊन, अनलॉक्ड म्हणून विकला जाणाराच मागवा. वर सेल्स टॅक्स धरा. आमच्या न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे. वापरलेला घेत असाल तर सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडा. तिथे 'कॅरियर लॉक'पुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं तरच पैसे द्या. आणि हो, आयफोन १४ पासूनच्या अमेरिकी मॉडेलांना सिमचा ट्रेच नसतो, फक्त ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम चालतं. घरात ज्याच्यासाठी फोन येतोय त्याला आपलं कार्ड ई-सिममध्ये बदलून घ्यावं लागेल, हे आधीच सांगून ठेवा.