फोटो काढणाऱ्याला नको होतं ते

जुन्या फोटोंवर बोलायला गेलो की हा प्रश्न हमखास येतो : "अमेरिका-कॅनडातल्या मूळ रहिवाशांचे फोटो काढले गोऱ्यांनी, खाली ओळ लिहिली तीही गोऱ्यांनीच. मग त्यातून त्या लोकांचा इतिहास कसा मिळणार?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मिळतो, पण फोटोकडे जरा संशयाने बघावं लागतं.

अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड कर्टिसचंच घ्या. बँकवाल्या जे. पी. मॉर्गनच्या पैशावर या मूळ रहिवाशांवरच्या २० खंडांचा घाट घालणारा हा गृहस्थ. हे लोक आता नामशेष होणार अशी त्याची पक्की समजूत, आणि फोटोही त्याला तसेच हवेत. १९१०च्या सुमारास मोंटानात पीगन जमातीचा लिटल प्लूम आणि त्याचा मुलगा यलो किडनी यांना त्याने तंबूत बसवून टिपलं. छापील फोटोत ढाल, चिलीम, गरुडाच्या पंखाचा पंखा, सगळं कसं पुरातन. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये याच फोटोची हात न लावलेली प्रत आहे. तिच्यात बापलेकांच्या मधोमध चक्क एक घड्याळ! छापताना ते पुसून टाकलं. घड्याळवाला माणूस नामशेष कसा होणार? मला तर त्या फोटोत सगळ्यात बोलकं तेच वाटतं.

आणि सगळे फोटो गोऱ्यांचे, हेही खरं नाही. ओक्लाहोमाचा होरेस पूलॉ स्वतः किओवा या मूळ जमातीचा होता. १९२०च्या दशकापासून तो आपल्याच माणसांचे फोटो काढत होता आणि मागे शिक्का मारत होता : हे फोटो एका इंडियनने (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशाने) काढलेत.

खालच्या ओळींचा कारभार मात्र खरंच वाईट. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कित्येक फोटोंखाली नुसतं 'एस्किमो बाई'. ज्या सरकारने १९४०च्या दशकापासून इनुइट माणसांना (ज्यांना बाहेरचे एस्किमो म्हणत) नंबराचे बिल्ले वाटले, त्याला नावं कशाला लागतील? २००१-०२च्या सुमारास ओटावात शिकणारी इनुइट मुलं हे फोटो लॅपटॉपवर घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत या इनुइट प्रदेशातल्या म्हाताऱ्यांकडे गेली. त्यांनी भराभर ओळखलं, ही अमक्याची आई, हा तमक्याचा भाऊ. ती नावं नोंदींत चढली. २०१५पासून इतर मूळ समाजांचे फोटोही या कामात आले.

पण १९५० साली आईच्या पाठीवर असलेलं बाळ आता पंचाहत्तरीच्या आसपास आहे. त्या आईला ओळखणारे कितीसे उरले असतील? म्हणून माझं म्हणणं, आधी त्या म्हाताऱ्यांकडे जा. कर्टिस कुठे पळून जात नाही.