गुलाबदाणी कुणी नेली? कुत्र्या-मांजराची रहस्यकथा लिहिताना

मुलांसाठी रहस्यकथा लिहायची आणि तपास घरच्या कुत्र्या-मांजरानं करायचा असं ठरलं, तेव्हाच एक नियम करून टाकला: भुऱ्या कुत्रा आणि ठकी मांजर बोलणार नाहीत. टोपी घालणार नाहीत, भिंग धरणार नाहीत. माणसाचंच डोकं कुत्र्याच्या धडावर बसवायचं, तर कुत्रा हवाच कशाला? त्याचं नाक, तिचे कान आणि दोघांचं जिथे अडतं ते, एवढ्या भांडवलावर चोर सापडला पाहिजे.

प्रसंग शोधायला लांब जावं लागलं नाही. इंदूरची रंगपंचमी! राजवाड्याला गेर, म्हणजे रंग खेळत निघणारी मिरवणूक, येते, टँकरवरून रंगाचे फवारे उडतात, गुलालाचा ढग गच्च्यांपर्यंत चढतो आणि सख्खा भाऊसुद्धा ओळखू येत नाही. साक्षीदार हजारो, पण ओळख कुणाचीच पटायची नाही. तिथल्या एका जुन्या घरात गेर बघायला नातेवाईक जमतात. आजी रंग खेळत नाही, म्हणून दारातच प्रत्येकावर चांदीच्या गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडते. गेर पुढे सरकते आणि बघतात तर गुलाबदाणी गायब.

सोसायटीतल्या मुलांना मी लिहीन तसं वाचून दाखवायचे. ही मुलं घरी मराठी बोलतात, वाचतात मात्र हिंदी-इंग्रजी. त्यामुळे वाक्य कानाला कसं लागतं हे त्यांच्यासमोरच कळतं. एक चौथीतली मुलगी मधेच म्हणाली, "काकू, भुऱ्याला वास येतोच ना? मग तो सरळ चोराकडे जाईल. संपली गोष्ट!"

उत्तर आजीच्याच हातात होतं. गुलाबपाणी तर सगळ्यांच्याच अंगावर! भुऱ्या रिकाम्या तबकाचा वास घेतो आणि एकेका पाहुण्यापुढे जाऊन बसतो. घरची मंडळी म्हणतात, गुलालानं बिचाऱ्याचं नाकच गेलं. पण तो शेजारच्या अमोघपुढेही बसतो, आणि अमोघनं तर मघाशीच सांगितलेलं असतं, "मी सकाळपासून खाली गेरमध्ये होतो, वर आलोच नाही." हे वाक्य मी काका, मामी आणि आतेभाऊ यांच्या गलक्यात ठेवलं. धागा पानावर दिसलाच पाहिजे, फक्त लेखकानं त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. मुलांना फसवून जिंकणं मला पटत नाही.

सगळ्यात जास्त वेळ रंगांनी खाल्ला. कुत्र्याला निळा आणि पिवळा कळतो, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. म्हणून भुऱ्याच्या प्रकरणांतून लाल, हिरवा, गुलाबी हे शब्द मी काढून टाकले. रंगपंचमीचं वर्णन, आणि त्यात लाल नाही! मग अशी वाक्यं येऊ लागली: "निळा डाग वाकला. पिवळा डाग हसला. मधल्या मळकट डागाला खोबरेल तेलाचा वास होता, म्हणजे काका." हे लिहिताना मला जो आनंद झाला, तो आजवर कुठल्याच गोष्टीनं दिला नव्हता.

पोपटही घ्यायचा मोह होता, कारण मुलांना बोलका पक्षी आवडतो. पण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपला हिरवा पोपट घरात पाळता येत नाही, आणि मुलांच्या गोष्टीत पिंजरा लटकवायला मन घेईना.

ठकीचं काम कानांचं. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला 60च्याही वरचा. उंदराची बरीचशी चीची त्या वरच्या पट्टीत असते. बारीकशा आवाजानंही मांजराचा कान वळतो. जिन्यावरच्या माळ्यात लपवलेल्या गुलाबदाणीतून पत्र्याच्या ट्रंकेवर थेंब पडत असतात. खाली गोंगाट, कुणाचं लक्ष नाही, आणि ठकी मात्र मान वर करून बसलेली. ती कुठे बघते आहे आणि भुऱ्या कुणापुढे बसला, हे दोन्ही जोडते घरातली छोटी जुई. अमोघला चांदीची पिचकारी हवी होती, एवढंच. आजी त्याच्याकडून गुलाबदाणी लख्ख घासून घेते.

शेवटचं प्रकरण वाचायच्या आधी मी थांबले आणि चोर कोण ते विचारलं. बहुतेकांचा संशय दूधवाल्यावर. एरवी गप्प बसणाऱ्या एका मुलानं पानं मागे उलटायला लावली आणि अमोघच्या त्या वाक्यावर बोट ठेवलं. त्या वाक्याला मी पुढे हात लावला नाही.

आता दुसरी गोष्ट इंदूरच्याच सराफ्यातली, जिथे दिवसा दागिन्यांची दुकानं असतात आणि रात्री त्यांच्याच पुढे खाण्याच्या गाड्या लागतात. रबडी चोरल्याचा आळ ठकीवर येणार आहे. मांजराला गोड चव कळतच नाही, हे जुईनं वाचलेलं आहे. पण ठकीच्या मिशांना साय लागलेली आहे, आणि सायीतली चरबी मांजराला आवडते. इथून पुढे जुई काय करते, ते अजून सुचायचं आहे.