लोहा, लोहारा आणि टॅबची कळ : तिसरी प्रगतीनोंद

आमच्या घरी पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजले जाते. अंबाजोगाईला नाना स्वतः मोजतात. लोहाऱ्याहून ताई, भोकरदनहून मामा आणि आणखी दोन ठिकाणचे नातलग आपापले आकडे फोनवरून कळवतात. हे आकडे साध्या मजकूर-फायलींत साठवण्यासाठी मी बॅशमध्ये (टर्मिनलवर टाइप केलेल्या कमांडी चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘पाऊस’ नावाची छोटी कमांड लिहिली आहे, हे या आधीच्या दोन नोंदींत सांगून झाले आहे. कमांडला तीन उपकमांडी आहेत: नोंद, बेरीज आणि तुलना. पहिल्या दोन नोंदींचा भर हिशेबावर होता. ही नोंद पूर्णपणे टॅब कम्प्लीशनविषयी, म्हणजे अर्धवट लिहिलेला शब्द टॅबच्या कळीने पूर्ण करण्याविषयी आहे, कारण गेल्या महिन्यात झालेली एक चूक हिशेबाची नव्हती, ती टॅबच्या कळीची होती.

ताईने लोहाऱ्याचा अडतीस मिलिमीटरचा आकडा कळवला. मी ‘पाऊस नोंद लो’ एवढे टाइप करून टॅब दाबला, ओळीवर ‘लोहा’ उमटले, आकडा घातला आणि एंटर दाबून मोकळा झालो. संध्याकाळी नानांनी यादी वाचून विचारले, “लोह्याला कधी पडला पाऊस? ताई तर लोहाऱ्याला पडला म्हणली.” लोहा हा नांदेड जिल्ह्यातला तालुका आणि लोहारा धाराशिव जिल्ह्यातला. दोन्ही नावे यादीत असल्यामुळे टॅबने त्यांचा सामाईक भाग, म्हणजे ‘लोहा’, तेवढा भरला होता. आणि तो सामाईक भाग हेच एका खऱ्या तालुक्याचे पूर्ण नाव असल्यामुळे माझ्या कमांडने ते बिनतक्रार स्वीकारले.

खरे तर रीडलाइनने, म्हणजे बॅशमध्ये ओळ टाइप करण्याचे आणि टॅबचे काम पाहणाऱ्या भागाने, मला दोन खुणा दिल्या होत्या. नाव पूर्ण ठरले असते तर त्यापुढे एक रिकामी जागा आपोआप पडली असती, ती पडली नव्हती. आणि संदिग्धता शिल्लक असल्याची घंटाही वाजायला हवी होती. परंतु पहाटे घरातले झोपलेले असताना टर्मिनल वाजू नये म्हणून रीडलाइनच्या ‘इनपुटआरसी’ या सेटिंगच्या फाइलीत मी ‘बेल-स्टाइल’ कधीच ‘नन’ (घंटा बंद) करून ठेवले होते, आणि रिकाम्या जागेकडे कोण लक्ष देतो? सर्वांत आधी ‘शो-ऑल-इफ-अँबिग्युअस’ हा पर्याय चालू केला, म्हणजे आता पहिल्याच टॅबला उरलेल्या नावांची यादी खाली दिसते. एवढे पुरले असते असे ज्यांना वाटते त्यांनी मराठवाड्याच्या ७६ तालुक्यांची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. ‘भोकर’ नांदेडमध्ये आहे आणि ‘भोकरदन’ जालन्यात. ‘मुखेड’ आणि ‘मुदखेड’ तर एकाच नांदेड जिल्ह्यात आहेत. ‘पर’ एवढे लिहिले की परतूर, परभणी, परळी आणि परंडा ही चार वेगवेगळ्या जिल्ह्यांतली नावे समोर येतात.

म्हणून नावाला जिल्ह्याची शेपटी जोडायचे ठरवले, आणि इथे पहिला मोठा अडथळा आला. स्वाभाविकपणे मी विसर्गचिन्हासारखे दिसणारे अपूर्णविराम चिन्ह वापरले: ‘लोहा:नांदेड’. बॅश ज्या चिन्हांवर ओळीचे शब्द तोडतो त्यांची यादी ‘कॉम्प-वर्डब्रेक्स’ या चलात (व्हेरिएबलमध्ये) असते आणि अपूर्णविराम तीत मुळातच आहे. त्यामुळे ‘लोहा:ना’ येथे टॅब दाबला की टॅब दाबल्यावर पर्याय सुचवणाऱ्या माझ्या फंक्शनच्या हाती शेवटचा शब्द म्हणून केवळ ‘ना’ येतो, आणि ते नायगाव व नांदेड शोधायला निघते. मग मी मागचे तुकडे जोडून पूर्ण शब्दाशी जुळणी केली आणि ‘लोहा:नांदेड’ हे उत्तर ‘कॉम्परिप्लाय’ या सरणीत (बॅशला द्यायच्या पर्यायांच्या यादीत) ठेवले. तर रीडलाइनने त्यातला ‘ना’ एवढाच भाग बदलला आणि ओळीवर उमटले ‘लोहा:लोहा:नांदेड’. बॅश-कम्प्लीशन प्रकल्पात यासाठी एक मदतनीस फंक्शन आहे, जे उत्तरातला अपूर्णविरामापर्यंतचा भाग छाटून देते. ते वापरल्यावर काम झाले. पण छाटलेले पर्याय यादीतही छाटलेलेच दिसतात, म्हणजे जे नाव ओळखण्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच यादीतून गायब होते. अपूर्णविराम सोडून दिला.

दुसरा अडथळा ‘शिरूर अनंतपाळ’ने आणला. ‘कम्पजेन’ला (शब्दांच्या यादीतून जुळणारे पर्याय काढणाऱ्या बॅशच्या कमांडला) ‘डब्ल्यू’ पर्यायाने दिलेली यादी ‘आयएफएस’ चलातल्या चिन्हांवर तुटते, त्यामुळे नावातल्या रिकाम्या जागेवर शिरूर वेगळे आणि अनंतपाळ वेगळे झाले; औंढा नागनाथचेही तेच. ‘आयएफएस’मध्ये केवळ नवी ओळ ठेवल्यावर नाव अखंड राहिले, पण कमांड-ओळीवर उतरताना ती रिकामी जागा उलट्या तिरप्या रेघेने झाकली जात नव्हती, म्हणजे बॅश तिथे पुन्हा दोन शब्द समजत होता. ते काम रीडलाइनकडून करवून घेण्यासाठी ‘कम्प्लीट’ला (कमांडला असे फंक्शन जोडून देणाऱ्या बॅशच्या कमांडला) ‘फाइलनेम्स’ हा पर्याय दिला. झाकणी व्यवस्थित झाली, परंतु ‘बीड’ लिहून टॅब दाबल्यावर पुढे तिरपी रेघ येऊ लागली, कारण माझ्या नोंदींच्या फोल्डरात जिल्हावार उपफोल्डर आहेत आणि रीडलाइनला सांगितले होते की या फायली आहेत. त्याने पाहिले, ‘बीड’ नावाचे फोल्डर सापडले, आणि त्याने आपले कर्तव्य केले. यात त्याचा काहीच दोष नाही.

तोडगा शेवटी लोकव्यवहारातच मिळाला. आपल्याकडे दोन शिरूर आहेत, एक लातूर जिल्ह्यातले आणि एक बीड जिल्ह्यातले, आणि लोकांनी त्यांना अनंतपाळ व कासार अशा जोडनावांनी केव्हाच वेगळे केले आहे. मीही तेच केले आणि मध्ये संयोगचिन्ह घातले: शिरूर-अनंतपाळ, शिरूर-कासार, औंढा-नागनाथ, आणि त्याच धर्तीवर लोहा-नांदेड, लोहारा-धाराशिव, भोकर-नांदेड, भोकरदन-जालना. संयोगचिन्हावर बॅश शब्द तोडत नाही आणि त्याला झाकावेही लागत नाही. आता नुसते ‘लोहा’ लिहून एंटर दाबले तर कमांड ते नाव नाकारते, कारण तसे नाव यादीत उरलेलेच नाही.

या आठवड्याचे मुख्य काम मात्र रोमन टंकनाचे होते. कमांडचे पर्याय रोमन लिपीत आणि तालुका देवनागरीत, म्हणजे प्रत्येक ओळीत दोनदा कळपाट (कीबोर्ड) बदलायचा, हे मला पहिल्या दिवसापासून खुपत होते. ‘कम्प्लीट’च्या फंक्शनने दिलेले उत्तर टाइप केलेल्या अक्षरांनीच सुरू व्हावे असे बंधन बॅश घालत नाही. उत्तर एकच असेल तर रीडलाइन टाइप केलेला शब्द काढून त्या जागी ते उत्तर ठेवते, मग लिपी कोणतीही असो. झेडशेल हा बॅशसारखाच दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांना हेच ‘कम्पअ‍ॅड’च्या ‘यू’ पर्यायाने साधते, आणि ‘_डिस्क्राइब’ वापरून नावाशेजारी जिल्हा नुसता दाखवता येतो, ओळीत भरावा लागत नाही. ही सोय बॅशमध्ये नाही याचे मला थोडे वाईट वाटते, पण घरातल्या तीनही संगणकांवर बॅशच आहे.

जुळणीसाठी दोन्ही बाजूंचा व्यंजनांचा सांगाडा काढतो. मधले स्वर गाळायचे, जोडीने आलेले व्यंजन एकदाच धरायचे म्हणजे सिल्लोड आणि कन्नड यांचा त्रास होत नाही, महाप्राणातला रोमन ‘एच’ सोडून द्यायचा, ट आणि त एक, ण आणि न एक, ळ आणि ल एक. शब्दाच्या आरंभीचा स्वर मात्र एका समान खुणेने राखावा लागतो, नाहीतर औसा सेलू-सोनपेठच्या रांगेत जाऊन बसतो. अनुस्वाराला मी आधी सरसकट ‘न’ मानले होते, तेव्हा कळंब सापडेना. ओष्ठ्य व्यंजनापूर्वीचा अनुस्वार आपण ‘म’ असाच उच्चारतो आणि रोमनमध्येही ‘एम’ लिहितो, तसे केल्यावर कळंब, अंबड आणि फुलंब्री एकदम सुरळीत झाले. त्यातून एक गंमत निघाली. देवनागरीत कळंब आणि कळमनुरी यांचा सामाईक भाग ‘कळ’ एवढाच आहे, सांगाड्यात मात्र ती दोघे ‘क-ल-म’पर्यंत हातात हात घालून चालतात. वसमतसाठी हाताने वेगळी ओळ लिहिली, कारण इंग्रजी कागदोपत्री ते ‘ब’ने सुरू होते आणि बोटांना तीच सवय आहे.

एक उत्तर असताना हे उत्तम चालते. अनेक असताना बिघडले. रोमन ‘एम’ आणि ‘यू’ लिहून टॅब दाबला की स्वर गळून फक्त ‘म’ उरतो, माजलगाव, मानवत, माहूर, मंठा, मुखेड व मुदखेड ही सहा नावे जुळतात, आणि रीडलाइन त्यांचा देवनागरीतला सामाईक भाग काढून माझ्या रोमन अक्षरांच्या जागी ‘म’ हे एकच अक्षर ठेवते. पुढे रोमन अक्षर टाइप करावे तर ओळीवर अर्धा शब्द देवनागरी आणि अर्धा रोमन. असा मिश्र शब्द ओळखणारा सांगाडा लिहिण्यात दोन रात्री घालवल्या आणि मग तो सर्व मजकूर पुसला. उपाय एका ओळीचा होता: उत्तरे एकाहून अधिक असतील आणि शब्द रोमन असेल तर ‘कॉम्परिप्लाय’मध्ये केवळ एका रिकाम्या जागेचा आणखी एक पर्याय घालायचा. मग सर्वांचा सामाईक भाग शून्य होतो, आणि पहिले अक्षरही जुळत नसेल तर रीडलाइन टाइप केलेला शब्द तसाच राहू देते. यादी दिसते, रोमन अक्षरे टिकतात, पुढे ‘डी’ लिहून टॅब दाबला की मुदखेड हजर.

शेरा भरण्यासाठी जुन्या नोंदींतले शेरे पर्याय म्हणून देण्याची सोयही जोडली: रिमझिम, गारपीट, वाऱ्यासह. त्यात दोन गोष्टी निघाल्या, पैकी पहिली अशी की ‘वाऱ्यासह’ हा शेरा यादीत दोनदा दिसू लागला आणि ‘वा’पुढे टॅब हलेना. दोन्ही शब्द डोळ्यांना तंतोतंत सारखे होते. बाइट उघडून पाहिल्यावर कळले की माझ्या कळपाटाने युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि पुढे हलन्त लिहिला होता, तर मामांच्या फोनने ०९३० क्रमांकाचा साधा र, हलन्त आणि त्यानंतर २००डी हा अदृश्य जोडक वापरला होता. युनिकोडच्या सामान्यीकरणाने (एकाच अक्षराच्या समान मानलेल्या रचना एक करण्याच्या नियमांनी) हे दोन एक होत नाहीत, कारण जोडक असलेली रचना त्या नियमांच्या दृष्टीने वेगळीच आहे. म्हणून नोंद साठवतानाच दुसरी रचना पहिलीत बदलणारी एक ओळ ‘सेड’ या मजकूर बदलणाऱ्या कमांडमध्ये लिहिली आणि जुन्या फायलींवरही ती फिरवली. ज्यांच्या फायलींच्या नावांत शेतकरी, दोरी, सुरी यांची सामान्यरूपे आहेत त्यांनी हे जरूर तपासावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘डब्ल्यू’ पर्यायाने दिलेल्या यादीतला प्रत्येक शब्द बॅश विस्तारतो, म्हणजे त्यात डॉलरचे चिन्ह आणि कंस असले तर आतली कमांड प्रत्यक्ष चालते. खात्रीसाठी एका शेऱ्यात कंसातली ‘डेट’ कमांड लिहून ठेवली, तर टॅब दाबल्यावर शेऱ्याच्या जागी त्या दिवशीची तारीख आली. फोनवर आलेला मजकूर मी नोंदीत जसाच्या तसा चिकटवतो, तेव्हा ‘आरएम’ (फायली पुसणारी कमांड) लिहिलेला एखादा शेरा केवळ टॅब दाबल्याने काय करू शकेल हे सांगायला नको. आता शेरे ‘मॅपफाइल’ने सरणीत वाचतो आणि साध्या लूपमध्ये आरंभ जुळतो का ते पाहतो, ‘कम्पजेन’ या भागातून पूर्ण काढला आहे.

दोन दोष शिल्लक आहेत. यादीचे स्तंभ वाकडे येतात, कारण मात्रा आणि जोडाक्षरे किती रुंदी व्यापतात याविषयी रीडलाइनचे गणित आणि टर्मिनलचे चित्र यांचे एकमत होत नाही. फंक्शनच्या पातळीवर त्याला इलाज नाही. आणि रोमनमध्ये पूर्णा लिहिले की प-र-न हा सांगाडा परंड्याच्याही आरंभाशी जुळतो, त्यामुळे पुढे संयोगचिन्ह टाइप केल्याशिवाय पूर्णा एकटे निघत नाही. या दोन्ही तालुक्यांत आमचे कोणी नातलग नसल्याने तो गुंता सध्या तसाच ठेवला आहे.